तीन पायांचं पिढं

शेवटची ओवी गाळायची असेल तर बाकीच्याही नेऊ नका, असं दाजींनी शांतपणे सांगितलं.

प्राध्यापक गुरुदासांची पेन्सिल थांबली. आतल्या पडवीत दाजींची बायको काशीबाई जात्याशी बसल्या होत्या. नाचणीचा घास जात्याच्या तोंडातच राहिला होता.

गुरुदास मुंबईच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी आले की आसपासच्या गावांतून ओव्या गोळा करत. इंग्रज जाऊन पंधरा वर्षं होत आली, तरी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा काव्यविचार इंग्रजी कवितेनेच सुरू होत होता. शोक म्हणजे काय, ते पोरांनी कधी न पाहिलेल्या बर्फावरून शिकायचं. नव्या पुस्तकात तो पहिला धडा काढून तिथे जात्यावरची ओवी यावी, म्हणून ते अभ्यासमंडळात एकटे भांडत होते.

वर्तमानपत्रात ते वाचून दाजी त्यांना शोधत आले होते. कसालजवळच्या एका गावातले हे निवृत्त मास्तर. आमच्या घरात आईपासून चालत आलेल्या ओव्या आहेत, एवढंच म्हणाले आणि गुरुदासांना घेऊन निघाले. एस.टी.त त्यांनी विचारलं, पुस्तक सगळ्या कॉलेजांत लागतं का. मग विचारलं, सक्तीचं का. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून, मुलींनाही का.

मुलींना काय वेगळा पेपर असतो मास्तर, असं म्हणून गुरुदास हसले. दाजी हसले नाहीत.

ओव्या मात्र खरंच मोलाच्या निघाल्या. काशीबाईंचा आवाज थकलेला होता, पण जात्याच्या घरघरीवर तो होडीसारखा तरंगत होता.

माड वाकलो दर्याक, दर्यो तेका वळखिना
सासरवाशीण लेक माजी, रडता तरी कळिना

गुरुदासांचे डोळे भरून आले. याच्यापुढे कुठला बर्फ आणि कुठलं काय. फक्त शेवटची ओवी त्यांना खटकत होती.

तीन पायांचां पिढां, चुलीकडे मांडलंय
राग होतो तो बाये, व्हाळात न्हेवन सांडलंय

आधीच्या ओव्यांत राग कुठेच नव्हता. इथे तो एकदम आला आणि ओढ्याला मिळालाही. मंडळ यावर बोट ठेवणार. दाजी, तुम्ही एकदा म्हणून दाखवा, चाल तरी नीट कळेल, असं गुरुदासांनी सुचवलं.

"ते बायकांचं काम," दाजी म्हणाले. "माझ्या तोंडून येणार नाही. पण आईची ओवी तोडून देणार नाही मी."

अखेर गुरुदासांनी ती तशीच ठेवायचं कबूल केलं. काशीबाईंनी जात्याचा खुंटा पुन्हा धरला. दाजी उठून अंगणात, खळ्यात गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

जेवणाच्या वेळी गुरुदास सवयीने चुलीजवळच्या पिढ्याकडे वळले.

"तां नको," काशीबाई म्हणाल्या. "तां हालता. पडशात."

त्यांनी पाट मांडून दिला. पिढं धुऊन पुसून भिंतीशी तसंच राहिलं. गुरुदासांनी मुलाबाळांची चौकशी केल्यावर दाजी म्हणाले, शाळेतली पोरं तीच आपली. काशीबाईंनी सोलकढीची वाटी पुढे सरकवली आणि जाळ पुढे ओढला.

मुंबईला मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. लेक सासरी गेली तर आईला राग कसला? आणि पिढ्याला पाय तीनच का? गुरुदासांनी उत्तर तयार ठेवलं होतं. राग दैवावरचा आहे. तीन पाय म्हणजे माहेर, सासर आणि आजोळ. चौथा पाय स्वतःच्या घराचा, तो बाईला कधी मिळतच नाही. निदान जुनी तरी आहे ना, अध्यक्षांनी विचारलं. सासूकडून सुनेकडे आलेली आहे, गुरुदास म्हणाले.

बर्फ गेला. पहिल्या धड्यात माड आला.

पुढच्या मे महिन्यात पुस्तकाची प्रत घेऊन ते स्वतःच दाजींच्या घरी गेले. खळ्यात दाजी आंब्याच्या आढीवर गवत पसरत होते. त्यांनी नमस्कार केला आणि आत जायची खूण केली.

आत चुलीजवळ विशीतली एक मुलगी त्याच पिढ्यावर बसून नारळ खवत होती. पिढ्याचा मोडका कोपरा तिने न बघता टाचेवर तोलून धरला होता. खिडकीत तेच पुस्तक होतं, मुंबईतल्या कॉलेजच्या कव्हरात.

"सर, मी आनंदी," ती उठून म्हणाली. "मास्तरांची मुलगी. तिसऱ्या इयत्तेत असताना यावरून उडी मारून मीच याचा पाय मोडला होता. वर्गात ती ओळ आली, आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही."

गुरुदास पाटावर बसले. माहेर, सासर, आजोळ त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"मुंबयक शिकाक गेली म्हणान ह्येंनी रवळनाथासमोर बोल दिल्लो," काशीबाई हळू म्हणाल्या. "जीव आसा तवसर तिचां नाव घेवचंय नाय, तिका कागद धाडूचंय नाय. देवाक दिल्लो बोल. मोडतले कसे?"

गुरुदासांनी खळ्याकडे पाहिलं. दाजी आढीशी पाठमोरेच होते, पण हात थांबले होते. आईच्या मायेला बापाची शपथ अडवू शकली नाही, सासूबाईंच्या जुन्या ओव्यांत तुम्ही तुमची हाक बरोबर घातलीत, असं गुरुदास काशीबाईंना म्हणाले.

काशीबाईंनी मान हलवली.

"माजी खंयची? माका जुन्यो तेवढ्योच येतत," त्या म्हणाल्या. "शेवटची ती ह्येंची."