कंबरेची गोळी

"अल्सरमधून रक्त जातंय. पेनकिलर बंद केली नाहीत, तर ॲसिड कमी करणारी ही कॅप्सूल तरी काय करणार?" डॉक्टर तिला म्हणाले.

पण पेनकिलरशिवाय तिची कंबर साथ देत नव्हती, आणि लकवा झालेल्या नवऱ्याला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणारं दुसरं कोणी नव्हतं. ती दोन्ही घेत राहिली. पेनकिलर त्याच्यापासून चोरून.

पुढे नवराच ताटात अर्धं अन्न टाकू लागला. "पोटात आग पडते," म्हणाला. तिने स्वतःची कॅप्सूल त्यालाही सुरू केली. तरी त्याचं जेवण घटतच गेलं.

एका सकाळी त्याला उचलताना तिला जोर लावावाच लागला नाही. ती घाबरून त्याच्याकडे बघत राहिली.

"हलका झालोय ना?" तो म्हणाला. "आता तरी ती पेनकिलर सोड."