पत्रिकेतली भावकी

"आजपासून आपलं छपाईचं दुकान नव्या जमान्यात गेलं!" शिरूर अनंतपाळच्या चौकात हनुमंतनं जाहीर केलं आणि पेढेसुद्धा वाटले. कॉम्प्युटरवर नवीकोरी सिस्टीम चढली होती. दुपारी कळलं, की जुना मराठी फॉन्ट काही तिच्यासोबत नांदायला तयार नाही.

ग्यानोबामामांच्या लेकीची लग्नपत्रिका उघडली, तर नवरा-नवरीपासून भावकीपर्यंत सगळ्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोनी डबे! आधीच कुणाचं नाव वर छापायचं यावरून मामांचे भाऊ रुसले होते. लग्नाला पाऊल टाकणार नाही म्हणून अडून बसले होते. आता मामा आपली सालटी काढणार, हे हनुमंतनं ओळखलं. मामा दुकानात येताच त्यानं सांगून टाकलं,

"मामा, नवी सिस्टीम जुना फॉन्ट ओळखंना झालीय. लातूरहून माणूस बोलावलाय, उद्या दुरुस्त करतो."

मामांनी चष्मा चढवला. डबे वरपासून खालपर्यंत निरखले. सगळे एका मापाचे होते. थोरला कोण, धाकटा कोण, कुणाच्या बापाला कळलं नसतं.

 

"लई बेस झालं, हनमंता. दुरुस्त नको करू, असंच छाप. फकस्त नवरा-नवरीचं नाव तेवढं पेनानं लिहून दे."