पन्नास मीटरची टेप

थाळी आदळली ती ॲथलेटिक्स संघटनेच्या सेक्रेटरींच्या खुर्चीपुढे चार पावलांवर, आणि सेक्रेटरी छत्रीसकट मागे उलथले.

बायकांची थाळी इथवर येते कुठे, असं धरून त्यांनी खुर्ची खुशाल तिथे मांडली होती. सापेलेच्या मैदानात वारा तिथेच बरा लागायचा.

पांढरं निशाण वर गेलं. फेक वैध! एबिएरे वर्तुळाच्या मागच्या बाजूने बाहेर पडली आणि धावत सुटली. पस्तीस वर्षांची, नायजेरियासाठी तीन खंडांत थाळी फेकून आलेली बाई पोरीसारखी धावत होती. ऑलिम्पिकसाठी बासष्ट मीटर हवे होते. यादी आजच बंद होणार होती.

पंचाने खुणेत सळई रोवली, टेप ओढत तो वर्तुळाकडे निघाला. मध्येच टेप संपली.

"पन्नासच मीटरची आहे!"

"बायकांना पुरते तेवढी," सेक्रेटरी माती झटकत म्हणाले. "पन्नासच्या वर, असं लिहा आणि सळई काढा. पुढची मुलगी थांबलीय."

एबिएरेने सळईपाशी फतकल मारली. "आधी मला काढा, मग सळई."

"वय झालं तुझं. तमाशा केलास तर बाद करीन."

"वय माझं झालं चीफ, पण आखूड तुमची टेप पडली."

कठड्यापाशी भाजलेली केळी विकणारी बाई ओरडली, "अहो चीफ, परदेशी जाताना तुम्हा साहेबांना तिकिटं बरी पुरतात! टेपच कशी कमी पडते?"

सगळं मैदान हसलं. सेक्रेटरींनी पुढच्या मुलीला खूण केली. एकोणीस वर्षांची ओसासू थाळी घेऊन तरातरा आली, आणि सळईच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"आंटीची फेक मोजल्याशिवाय मी टाकणार नाही. उद्या माझीही मोजायची आहे तुम्हाला."

मुख्य पंच म्हातारे ओक्पाको नियमांचं पुस्तक चाळत आले. "मोजल्याशिवाय खूण हलणार नाही. टेप पोलादी हवी. कुणाची हवी, ते काही इथे लिहिलेलं नाही."

मंत्र्यांसाठीची गॅलरी पाच वर्षं बांधून होत नव्हती. तिथला गवंडी शंभर मीटरची पोलादी टेप घेऊन उड्या मारत खाली आला. त्या गॅलरीचा मैदानाला झालेला हा पहिला उपयोग.

टेपचं शून्य सळईपाशी धरलं. दुसरं टोक दूर वर्तुळात गेलं. आकडा तिकडे वाचायचा होता. एबिएरेला इथून ओक्पाकोंची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. ते उठले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. ओसासूने तिचा दंड इतका आवळला की नखं रुतली.

मग तिकडून आरोळी उठली, आणि तोंडातोंडी मैदानभर धावत आली, "त्रेसष्ट! त्रेसष्ट सतरा!"

केळीवाली चिमट्याने शेगडीची जाळी बडवायला लागली. ओसासू एबिएरेच्या गळ्यात पडली. दोघी मातीत लोळल्या.

सेक्रेटरी दोन्ही हात पसरून हसत आले. "मी तर म्हणतच होतो! संघटनेचं यश आहे हे. ये एबिएरे, फोटो काढू." खुर्ची उचलून त्यांनी पहिल्या जागी ठेवली.

एबिएरे उठली. तळहातांची माती मांड्यांवर पुसली.

"फोटो नंतर. माझी अजून एक फेक राहिलीय," ती म्हणाली. "खुर्ची आणखी मागे घ्या, चीफ."