साखरेचा फोन

त्र्यंबकरावांच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवून निनाद कॅनडाला परत निघाला. "बाबा, साखर वाढली की तिकडे माझ्या मोबाइलवर लगेच कळेल."

साखर ताब्यात राहिली, म्हणून फोनही आला नाही. मग एका लग्नात त्यांनी जिलबी खाल्ली, आणि संध्याकाळी निनाद फोनवर चांगलाच रागावला. शेवटी मात्र त्यानं हळूच विचारलं, "आई नाही, तर करमतं का हो?"

त्यानंतर मुलाचा आवाज ऐकावासा वाटला की त्र्यंबकराव जिलबी आणू लागले.

रविवारी फोन वाजला. त्यांनी धावत उचलला.

"नमस्कार काका, मी अ‍ॅपची आरोग्य सल्लागार. निनाद सर कामात असतात, म्हणून यापुढे मीच फोन करीन."

त्र्यंबकराव खुर्चीत बसले. "त्याला सांगा, आता साखर वाढणार नाही."