दळण झालं

सुंदरबाई पारोळ्याला एकट्या राहतात. शिळं पीठ त्यांना चालत नाही, म्हणून रोज त्या दिवसाच्या भाकरीपुरतीच ज्वारी दळतात. जळगावच्या मुलाने, हर्षलने, त्यांच्या घरघंटीला स्मार्ट प्लग लावून दिला. घरघंटी थांबली की त्याच्या मोबाइलवर 'दळण झालं' असा मेसेज येतो. मेसेज आला म्हणजे आई उठली, आई ठणठणीत आहे. रोजचा फोन करायचा तेवढा वाचला.

या आठवड्यात घरघंटी दुप्पट वेळ चालत असल्याचं मोबाइलवर दिसलं, तसा हर्षल खूश झाला.

"बघ, आईचं जेवण वाढलं!"

"का पीठ विकायला काढलं आईंनी?" त्याची बायको दीपमाला हसली. "तासाभराच्या वाटेवर तर आहेत. जाऊ नका, पण विचारा तरी."

चिडवायचं म्हणून त्याने आईला फोन लावला. मागे घरघंटी चालू होती आणि फोन उचलला शेजारच्या कोकिळाबाईंनी.

"काकू, तुम्ही? आईला द्या ना जरा."





"अक्का ते सोमवारपाईन दवाखानामा शे, भाऊ. जातांना माले सांगी गयी, तुनं दळण रोज मना घरमा दळत जाय, नही ते हर्षलले घोर लागी."