मदतीचं चित्र

दुबईला परत जाण्याआधी जिन्सीने केरळातल्या पाला गावी घरात एकटे राहणाऱ्या आपल्या वडिलांना, वर्कीअप्पांना, कॉम्प्युटर लावून दिला. त्यांचा गोंधळ नको म्हणून पडद्यावर तीनच मोठी चित्रं ठेवली: पेपर, गाणी आणि मदत. मदत दाबली की निरोप थेट शेजारच्या शोशाम्मा टीचरकडे जायचा. शाळेत कॉम्प्युटर शिकवून त्या निवृत्त झालेल्या, आणि त्याही एकट्याच.

पहिल्याच महिन्यात अप्पांनी मदत एकसष्ट वेळा दाबली. जिन्सीने फोनवर झापलं, "अप्पा, तीन तर चित्रं आहेत. त्यात अडतं कुठे?"

"अडत नाही गं. पेपर उघडतो, गाणी वाजतात. पण त्यातून कॉफी प्यायला कुणी येत नाही."

जिन्सीला हसू आवरेना, पण टीचरसमोर ओशाळल्यासारखंही झालं. तिने लगेच त्यांना फोन लावला. "टीचर, अप्पा फार त्रास देतात ना तुम्हाला? मी इथूनच ते मदतीचं चित्र काढून टाकते."

टीचरनी तिला तिथेच थांबवलं.

"काढू नकोस गं. आणि जमलं तर माझ्याही कॉम्प्युटरवर तसंच एक बसव. निरोप तुझ्या अप्पांकडे जाऊ दे."