बाज वळेपर्यंत

इंजिनियरसाहेबांनी नव्या दवाखान्याचा नकाशा माळावर फक्कीने आखला आणि विचारलं, "उद्या पाया खणायचाय. कुणाला काही सांगायचंय?"

नर्सबाईंनी गावातली बाज मागवली. "झोपा हिच्यावर, साहेब. आमच्या डोंगरातला पेशंट असाच येतो."

साहेब हसत आडवे झाले. चौघांनी बाज उचलली, आखलेल्या दारातून आत नेली. पण बाळंतपणाच्या खोलीकडे काही ती वळेना. मागचे दोघे भिंतीच्या रेघेवरच उभे होते.

"जुन्या दवाखान्याच्या दारात अशीच अडली होती," त्यांतला धाकलू म्हणाला. "माझी बायको पायरीवरच बाळंत झाली."

साहेबांचं हसू थांबलं. चौघे बाज खाली ठेवू लागले.

"थांबा," साहेब म्हणाले. "नर्सबाई, पुसा ती भिंत. बाज वळल्याशिवाय मी उतरत नाही."